दुसरी प्रत

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाची एक जिनिंग फॅक्टरी होती. दिवाळीनंतर तिच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागे. गाडी आधी भरलेली काट्यावर चढे, मग पटांगणात कापूस उतरे, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येई. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की राहिला तो कापूस. काट्याशेजारच्या खोलीत एक संगणक होता. तो ही वजाबाकी करी आणि पावती छापे.

त्या संगणकातला प्रोग्राम एका मास्तरांनी लिहिला होता. मास्तर आयटीआयमध्ये जोडारीचे निदेशक होते. लोखंडाला कानस मारून मारून त्यांची बोटं जाड झाली होती. पन्नाशीला आल्यावर त्यांना संगणकाची गोडी लागली आणि ते रात्री जागून सी भाषा शिकले. २०१० साली जिनिंगच्या शेठनी संगणक घेतला, तेव्हा मास्तरांनी चार फाइलींचा हा प्रोग्राम करून दिला. एक फाइल काट्याची, एक नोंदवहीची, एक पावतीची आणि चौथी ह्या तिघींना कामाला लावणारी. बदल्यात त्यांनी एक शाल आणि पोतंभर सरकी घेतली. पैसे घेतले नाहीत.

प्रोग्राम चालला. हंगामामागून हंगाम गेले. मात्र जिनिंगमध्ये एक रीत पडून गेली होती. कोणाची पावती हरवली आणि त्यानं दुसरी प्रत मागितली, तर दिवाणजी ती संगणकावर छापत नसत. नोंदवही बघून हातानं लिहून देत. कोणी विचारलं तर म्हणत, "दुसऱ्या प्रतीले मशीन कदीमदी थकते." थकणारी मशीन मी अजून पाहिलेली नाही, पण असं म्हटलं की पुढे विचारायची गरज उरत नाही. कोणी विचारलंही नाही.

काट्यावर काम करणाऱ्या माणसाचा मुलगा यवतमाळला इंजिनिअरिंग शिकत होता. २०२२ च्या दिवाळीत तो गावी आला. शेठनी त्याला बोलावलं. पावतीवर ओलाव्याचा एक रकाना वाढवून हवा होता.

"होते का रे तुयाकडून?" शेठनी विचारलं.

"एका दिवसाचं काम आहे," मुलगा म्हणाला.

आणि काम एका दिवसाचंच होतं. मुलानं चारही फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, घरी आपल्या लॅपटॉपवर उघडल्या आणि पावतीच्या फाइलीत सहा ओळी वाढवल्या. लॅपटॉप नवा होता. त्यावर उबुंटू २२.०४ ही कार्यप्रणाली होती आणि सोबत आलेला जीसीसी ११ हा कंपायलर होता. एकेक फाइल कंपाइल झाली. एकीचीही तक्रार आली नाही. मग चौघींना जोडायची वेळ आली आणि लिंकर अडला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ रिकामी.' खाली दोन फाइलींची नावं होती, काटा आणि पावती. रिकामी नावाची जागा दोघींनीही स्वतःची म्हणून मागितली होती.

मुलाला नवल वाटलं. हाच प्रोग्राम बारा वर्षं चालत आला होता. त्यानं पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला आणि इंटरनेटवर शोध घेतला. उत्तर लगेच सापडलं. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ही कडकाई सुरू झाली होती. त्याआधीचे जीसीसी अशा दोन जागा मुकाट्यानं एक करून टाकत. नव्यालाही तसंच वागायला लावायचं असेल, तर हुकमात एक शब्द वाढवायचा, 'एफकॉमन'. मुलानं तो वाढवला. लाल अक्षरं गेली, प्रोग्राम जोडला गेला आणि लॅपटॉपवर नीट चालला. मुलगा गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो जिनिंगमध्ये गेला. फाटकाबाहेर गाड्या लागल्या होत्या. थंडीत माणसं शेकोटीला बसली होती. मुलानं नवा प्रोग्राम संगणकावर चढवला आणि सुरू केला. पडद्यावर एकच ओळ आली. जीलिबसी २.३४ सापडत नाही.

त्यानं पुन्हा चालवला, पुन्हा तीच ओळ. संगणक बंद करून चालू केला, तरी तीच. पुन्हा जुना प्रोग्राम लावावा, तर घाईत त्यानं नवा त्याच नावानं वरून उतरवला होता आणि जुन्याची नक्कल ठेवली नव्हती. बाहेर बैल माना हलवत होते. घुंगरांचा आवाज खोलीत येत होता. बाप दारात उभा राहिला आणि काही न बोलता परत गेला. दिवाणजींनी कपाटातून जुनी पावतीपुस्तकं काढली, धूळ झटकली आणि दौतीतला वाळलेला कचरा बाहेर टाकावा तसं मुलाकडे एकदा बघितलं.

मुलगा मोटारसायकल काढून मास्तरांकडे गेला.

मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बस. च्या पी."

"सर, तिकडे गाड्या उभ्या आहेत."

"उभ्या आहेत, पयाल्या नाहीत. बस."

चहा येईपर्यंत मास्तरांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील मूर्तिजापूरच्या स्टेशनवर हमाल होते. यवतमाळहून शकुंतला नावाची आगगाडी तिथे येई, लाडखेड, दारव्हा, कारंजा करत. ही लाइन किलिक निक्सन ह्या इंग्रज कंपनीनं कापसासाठी टाकलेली. मँचेस्टरला घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं. यवतमाळच्या गाठी मूर्तिजापूरपर्यंत सुखरूप पोचत. पुढे मुंबईकडे जाणारी मोठी लाइन दहा पावलांवर होती. पण शकुंतलेच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर आणि मोठ्या लाइनीचं १६७६. डबा काही ह्या रुळावरून त्या रुळावर जात नसे. एकेक गाठ पाठीवर घेऊन हमाल ह्या डब्यातून त्या डब्यात टाकत.

"माया बाप त्या दहा पावलांवर जनम घालवून गेला," मास्तर म्हणाले. "लहानपणी मले वाटे, डबा खराब असंन. मग वाटे, रूळ खराब असंन. दोन्ही चांगले होते. माप निराळं होतं."

मुलगा कप हातात धरून बसला.

"तुया प्रोग्रामही चांगला आहे आणि तिथलं मशीनही. प्रोग्राम घडला नव्या मापावर आणि चालवतो जुन्यावर. जिनिंगमंधी उबुंटू कोणतं?"

मुलाला ठाऊक नव्हतं. त्यानं बघितलंच नव्हतं.

"दहा-चार," मास्तर म्हणाले. "मीच टाकलं होतं. त्यातलं जीलिबसी २.११. ते म्हणजे गावातलं अवजारांचं कोठार. प्रत्येक प्रोग्राम रोजची अवजारं तिथून उसनी घेतो. तुया प्रोग्राम तुया घरच्या कोठारात घडला, म्हणून त्याच्या यादीत २.३४ च्या खुणेचं अवजार आलं. जुन्या कोठारात ते नाही. म्हणून तो दारातच अडला."

"मग तिथलं उबुंटूच नवीन टाकू का?"

"हंगामात? काट्याची वायर, प्रिंटर, सारं त्या जुन्यावर बसलं आहे. एक बसवाले जाशीन आन् चार उखडतीन." मास्तरांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "बाज कोणत्या दाराच्या मापानं करावी? सगळ्यात लहान दाराच्या. मोठ्यातून ती जातेच. जुन्या कोठारात घडवलेला प्रोग्राम नव्यातही चालते. उलटं होत नाही. चाल, तिथंच घडवू."

दोघं जिनिंगमध्ये गेले. त्या जुन्या संगणकावर जीसीसी ४.४ होताच. मास्तरांनी बारा वर्षांपूर्वी ठेवलेला होता तसा. मुलानं आपल्या फाइली त्यावर घेतल्या आणि हुकूम दिला. चारही फाइली कंपाइल झाल्या. चारही जोडल्या गेल्या. लाल अक्षरं आली नाहीत, एफकॉमन म्हणावं लागलं नाही, कुठे काही अडलं नाही. प्रोग्राम सुरू झाला. पहिली गाडी काट्यावर चढली आणि उतरली. पावती निघाली आणि तिच्यावर ओलाव्याचा रकाना होता. दिवाणजींनी पावतीपुस्तकं कपाटात परत ठेवली.

मुलगा हसला. "सर, जुनंच बरं. नवा उगाच किरकिर करत होता."

"कायची किरकिर?"

मुलानं ती गोष्ट सांगितलीच नव्हती. संपून गेली असं त्याला वाटलं होतं. आता त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला. एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मास्तर वर्गात नेहमी सांगत की कंपायलर हा कातारी आहे आणि लिंकर हा जोडारी. कातारी एकेक नग कातून देतो, त्याला बाकीच्या नगांशी देणंघेणं नसतं. सगळे नग एकत्र बघतो तो जोडारीच. आणि नव्या जोडाऱ्यानं सगळे नग बघून सांगितलं होतं की एका नावाच्या दोन जागा आहेत.

त्यांनी संगणकावर दोन फाइली शेजारीशेजारी उघडल्या. काट्याच्या फाइलीत वरच्या बाजूला एक ओळ होती, 'इंट रिकामी'. आत्ता काट्यावर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचं वजन त्या जागेत येई, सेकंदासेकंदाला नवं. पावतीच्या फाइलीतही तीच ओळ होती, 'इंट रिकामी'. तिथे ज्या गाडीची पावती छापायची, तिचं नोंदवहीतलं रिकामं वजन ठेवायचं होतं. मास्तरांच्या मनात त्या दोन जागा होत्या. नाव मात्र त्यांनी दोन्हींना एकच दिलं. एका गावात एका नावाची दोन पोरं असावीत आणि शाळेच्या पटावर दोघांची हजेरी एकाच ओळीत लागावी, तसं झालं होतं. जुन्या जोडाऱ्यानं दोघांना एकाच पाटावर बसवलं आणि कोणाला सांगितलं नाही.

"पहिल्या पावतीले काही होत नाही," मास्तर हळूच म्हणाले. ते मुलाशी बोलत होते की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "गाडी काट्यावरच असते. दोन्ही वजनं एकच." मग ते थांबले. "दिवाणजी, दुसरी प्रत तुमी हातानं काहून लिहिता?"

दिवाणजींनी मान वर केली. "मशीन थकते ना."

"कधीपासून थकते?"

त्या संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर मास्तरांनी काट्यावर शेठचा रिकामा टेम्पो उभा करवला आणि मुलाला सांगितलं, "सकाळच्या पहिल्या बंडीची दुसरी प्रत माग." प्रोग्राम नेहमीसारखा 'छापू का?' असं विचारून थांबला. तो थांबला होता तेवढ्यात काट्यानं टेम्पोचं वजन त्या सामाईक जागेत लिहिलं. मुलानं हो म्हटलं. प्रिंटर करकरला. प्रत बाहेर आली. सकाळच्या बंडीतून टेम्पोचं वजन वजा झालं होतं. कापूस अर्ध्याच्या वर कमी होता.

खोलीत कोणी बोललं नाही. काट्यावरचा दिवा लुकलुकत होता.

मग दिवाणजींनीच सांगितलं. २०११ ची गोष्ट. एक बाई स्वतःची बंडी घेऊन आली होती. तिचा माणूस आदल्या वर्षी गेला होता. पावती तिनं कडब्याच्या पेंडीत खोचली आणि बैलानं ती खाल्ली. सगळे हसले होते. तिनं दुसरी प्रत मागितली. प्रतीवर ७ क्विंटल ४० किलो आलं. बाई म्हणाली, माझा कापूस ह्याहून जास्त होता, पहिल्या पावतीवर मी वाचून घेतलं होतं. रांग मोठी होती. दिवाणजी तिच्यावर ओरडले होते. 'मशीन काय खोटं बोलते का?' असं ते म्हणाले होते. बाई पैसे घेऊन गेली. पुन्हा ती त्या जिनिंगमध्ये आली नाही. त्यानंतर आणखी दोघांच्या प्रती जुळल्या नाहीत. त्या दोघांजवळ पहिल्या पावत्या होत्या, म्हणून ते निभावलं. तेव्हापासून दिवाणजींनी दुसरी प्रत हातानं लिहायला सुरुवात केली. बाईची आठवण त्यांनी कोणाला सांगितली नाही.

मास्तरांनी २०११ च्या हंगामाची नोंद उघडली. तिथे सगळं खरं लिहिलेलं होतं. भरलेली १२६० किलो. रिकामी ३८०. कापूस ८ क्विंटल ८० किलो. तिच्या मागच्याच ओळीला एक लोखंडी बंडी होती, रिकामी ५२०. बाईची प्रत निघाली तेव्हा काट्यावर ती उभी असणार. १४० किलोचा फरक होता आणि तो बरोबर तेवढाच होता.

मास्तरांनी दोन्ही फाइलींत 'इंट रिकामी'च्या आधी एकेक शब्द लिहिला, स्टॅटिक. ज्या त्या फाइलीची जागा तिची तिलाच राहील, बाहेरचा तिच्यात हात घालणार नाही, एवढंच तो शब्द सांगतो. मग त्यांनी मुलाला त्या फाइली लॅपटॉपवर घ्यायला लावल्या आणि नव्या जीसीसीवर, एफकॉमन न म्हणता, जोडायला सांगितलं. नवा जोडारी काही बोलला नाही. मग तेच जुन्या संगणकावर जुन्या जीसीसीनं घडवलं. टेम्पो अजून काट्यावरच होता. दुसरी प्रत काढली. ती पहिल्या पावतीशी किलोला किलो जुळली.

"आता रोज दोघांकडून पाहून घेत जा," मास्तर मुलाला म्हणाले. "चालवाचं जुन्यानं घडवलेलं. पण नव्याले एकदा विचारल्याबिगर चालवाचं नाही. आन् तो काही बोलला, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी काय म्हणते ते वाच."

हत्यार निवडताना आपण बहुतेक वेळा एवढंच बघतो की कुठलं कुरकुर करत नाही. जुनं तसं असलं तर जुनं बरं म्हणतो, नव्याचं तोंड दाबता आलं तर नवं बरं म्हणतो. मुलानं एका दिवसात दोन्ही केलं. मास्तरांनी बारा वर्षं नकळत एक केलं, आणि दिवाणजींनी कळूनही. लिंकरची ती लाल ओळ लोखंडाबद्दल किंवा विजेबद्दल नव्हती. दोन माणसं एकाच नावानं निराळ्या गोष्टी बोलतात, एवढंच ती सांगत होती. ते ऐकायला अकरा वर्षं उशीर झाला आणि मधल्या काळात ते एका बाईनं सांगितलं होतं, ते तर कोणी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठनी त्या हंगामाचा भाव काढायला लावला आणि पैसे मोजून पाकिटात घातले. मास्तर मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसले. दिवाणजी आपल्या स्कूटरवर निघाले. त्यांना कोणी चला म्हटलं नव्हतं.

बाईचं घर गावाच्या टोकाला होतं. ती ओसरीवर कापूस निवडत बसली होती, कवडी वेगळी, स्वच्छ कापूस वेगळा. केस पांढरे झाले होते. मास्तरांनी घडी केलेला कागद तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं नातवाला हाक मारली. नातवानं मोठ्यानं वाचलं, "आठ क्विंटल ऐंशी किलो. दुसरी प्रत."

बाई उठून आत गेली. बराच वेळ आतून डबे सरकवल्याचा आवाज आला. मग ती एक पत्र्याची डबी घेऊन बाहेर आली. डबीत जुना, घडीवर फाटत आलेला कागद होता. त्यावरची शाई उडाली होती, पण सात आणि चाळीस अजून दिसत होते. तिनं तो कागद नव्या कागदाशेजारी ठेवला आणि दोन्हींवरून हात फिरवला.

दिवाणजींनी पाकीट पुढे केलं. त्यांना काही बोलायचं होतं, पण शब्द येईना.

"मी तवाच सांगत होती," बाई म्हणाली. मग तिनं पदर खोचला आणि ओसरीवरचा कापूस एका अंगाला सारून तिघांना जागा केली. "बसा. च्या मांडतो."

मुलगा दारात उभा होता. त्याच्या शर्टाला कापसाची एक बारीक पुंजकी चिकटली होती. ती काढून त्यानं बाईच्या स्वच्छ कापसाच्या ढिगात ठेवली.